देवीचा अंगठा

संगमनेरजवळच्या आमच्या गावात मठापुढे गर्दी जमली होती ती छबूबाईंचं पोट बघायला. पोटावर चार व्रण होते. मठाचे श्रीमंत महाराज सांगत, देवीनं हात टेकवला आणि आतली गाठ विरघळली. तीन बारीक व्रण बोटांचे, बेंबीजवळचा मोठा अंगठ्याचा. करंगळीबद्दल कोणी विचारलं नाही.

छबूबाईंनाही ते पटलं होतं. सावेडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघू, गाठ असली तर काढू, असं सांगितलं होतं. पण नंतर मुलानं, सुनीलनं, काही निघालं नाही आणि पोटावरच्या पट्ट्या नुसत्या नळ्यांच्या, असं सांगून टाकलं. कॅन्सर हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. मग गाठ गेली कुठं आणि व्रण कशाचे, ते महाराजांनी सांगितलं.

मग शेजारच्या पुंजारामांना शौचाला काळं होऊ लागलं, चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी तातडीनं तपासणीला बोलावलं होतं. छबूबाईंनी त्यांना मठात नेलं. ते विभूती खाऊ लागले. हे कळल्यावर सुनीलला राहवेना. त्यानं आईला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिला सावेडीला नेलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉ. सुनीतींनी छबूबाईंच्या परवानगीनं ऑपरेशनचं चित्रण लावलं. तोंडातून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत पोचली नव्हती. गाठ नेमकी तिथेच होती. म्हणून पोटाला छिद्रं पाडून, ते गॅसनं फुगवून, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं आत घातली. गाठीसकट आतड्याचा तुकडा बेंबीजवळून बाहेर काढला आणि उरलेली टोकं जोडली.

छबूबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं.

"यात महाराज कुठं हायेत?"

"ते नव्हते," डॉक्टर म्हणाल्या.

परतताना छबूबाई सुनीलला एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस, तर मी पुंजारामला तिकडं न्हेलं नसतं."

त्या तशाच मठात गेल्या आणि सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं. महाराज म्हणाले, देवीच डॉक्टरांच्या हातात शिरली होती.

"मग देवी सावेडीला हाय," छबूबाई म्हणाल्या. "पुंजाराम, चला तिकडं."

पुंजारामांच्या आतड्यातही गाठ निघाली आणि तीही तशीच काढली. दोघांच्या तपासण्या अजून चालू आहेत आणि त्या चुकवायच्या नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे.

पोटावरचा व्रण कशाचा, हे तो करणाऱ्यालाच विचारावं. आणि आजाऱ्यापासून आजाराचं नाव लपवू नये. आपण गप्प बसलो, की हवं ते सांगायला महाराज मोकळे असतात.