मातीला लागलेला हात

भिलानं खांब सोडला आणि हवेत कोलांटी घेतली.

त्याला तिथेच, हवेत राहू द्या. खाली गुण कसे कापतात ते आधी ऐका, म्हणजे पुढची भानगड कळेल. मल्लखांबावरून उडी घेतल्यावर दोन्ही पाय जुळून मातीत रुतले आणि माणूस जागचा हलला नाही, तर काही कापत नाहीत. पाय घसरला तर अर्धा गुण. तोल सावरायला पाऊल टाकलं तर एक. मातीला हात टेकला, म्हणजे 'टेका' झाला, की दोन. सन छत्तीसच्या त्या दसऱ्याला कोरीट गाव ब्राह्मणपुरीपेक्षा एकाच गुणानं पुढे होतं आणि कोरीटच्या भिलाची उडी शेवटची. जिंकणाऱ्या तालमीला शिसवाचा नवा खांब मिळणार होता. कोरीटचा खांब तर इतका तडकला होता की पोरांच्या मांड्यांतली कुसळं काढण्यातच उखा वस्तादांची संध्याकाळ जायची.

आता उतरू द्या त्याला.

धप्प.

भिला पुढे कलला, हात मातीला लागला. लागला तो लागला. त्यानं तोच हात कपाळाला लावला, डोळे मिटले, मान झुकवली.

मांडवातल्या कोरीटकरांनी टाळ्या पिटल्या.

"टेका," पंच प्रेमचंदभाई म्हणाले. ते नवापूरचे, दोन्ही गावांना परके.

"टेका कसाना? नमस्कार व्हता तो," वस्ताद उठून उभे राहिले. "आम्हनी तालीममा मातीले नमस्कार कऱ्याबिगर कोणी हालत नही."

"डावा हातना नमस्कार?" पंचांनी विचारलं.

भिलाचे कान तापले.

"तो डावखुरा शे," वस्ताद म्हणाले.

"न्हानपनपाईन शे," भिलाची मावशी रूपलीबाई मागून म्हणाली. "मारी मारी थकनूत आम्ही."

सगळं कोरीट माना डोलवू लागलं. भिलाला आज पहिल्यांदा पाहणारेसुद्धा.

प्रेमचंदभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी प्रसादाचं ताट उचललं आणि भिलासमोर धरलं.

"नमस्कार तर नमस्कार. ले, तोंड गोड कर."

ताटात गूळखोबरं होतं. भिला त्याकडे पाहत राहिला. वस्ताद खोकले. "डावा, बेटा, डावा," मावशी कुजबुजली, आणि ती कुजबुज थेट ब्राह्मणपुरीवाले बसले होते त्या बैलगाड्यांपर्यंत पोचली. देवाचा प्रसाद डाव्या हातानं घेतलेला त्या मांडवात कोणी बघितला नव्हता.

भिलाला हसू फुटलं. त्यानं उजवा हात पुढे केला.

"कधीमधी उजवाबी चालस त्याना," रूपलीबाई म्हणाली.

आता ब्राह्मणपुरीवालेही हसत होते. प्रेमचंदभाईंनी गुळाचा जरा मोठाच खडा भिलाच्या हातावर ठेवला आणि ते दोन गुण कापायला गुणांच्या फळ्याकडे वळले.

वस्ताद तेवढे हसले नाहीत. ते पुढे आले आणि भिलाच्या कपाळावरची माती त्यांनी आपल्या उपरण्यानं पुसली.

"गूळ खाई ले पहिले," ते म्हणाले. "मंग बोलसू तुन्हासंगे."