मास्तरांचं हसू

साखरेनं सडलेला पाय मांडीतून कापल्यावर शिंपीमास्तर वॉर्डात आले. पहिला विनोद त्यांनीच केला. सिस्टर पट्टी सोडत होती. जखमेला चिकटलेली शेवटची घडी निघेना, तेव्हा खाटेची दांडी घट्ट आवळून ते म्हणाले, "सिस्टर, तुमची शिलाई कच्ची. माझ्या दुकानात असता तर सगळं उसवून परत शिवायला लावलं असतं."

"माप देऊन झालंय ना? मग गिऱ्हाइकानं गप पडावं," सिस्टर म्हणाली.

ते हसले आणि तेवढ्यात पट्टी निघाली. मग रोज हेच चाललं.

एकदा त्यांची बायको डबा घेऊन दाराशी उभी होती. तिनं ऐकलं. "माझ्या माणसाचा पाय गेला आणि तुम्ही दात काढता?" म्हणत ती तडक मेट्रनकडे गेली. मेट्रननं सिस्टरला बजावलं, "हात चालव, तोंड आवर."

सिस्टरनं तोंडाला कुलूप लावलं. "कूस बदला. झालं." एवढंच. मास्तर आता पट्टीच्या वेळी गुरासारखे ओरडत. शेजारचे पेशंट भिंतीकडे तोंड करून पडत. ताप उतरेना, जखमेचा काळेपणा मांडीत वर चढत गेला. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, आता कापायलाही जागा उरली नाही.

हात धुवायच्या बेसिनपाशी तिनं सिस्टरला गाठलं.

"बोला त्यांच्याशी. पूर्वीसारखं."

"काकू, तुम्हीच बोला ना."

"मला कुठलं येतंय! घरात कामापुरतं बोलणं. मीठ कमी आहे, दिवा घालव. त्यांना असं हसताना मी इथेच पाहिलं, तुमच्याबरोबर. राग त्याचा आला हो. पायाचं नुसतं निमित्त."

 सिस्टरनं पट्टीचा ट्रे उचलला आणि काकूंना बरोबर नेलं.

"मास्तर, घरून तक्रार आलीय. गिऱ्हाइकाशी गोड, घरात कडू."

मास्तरांनी बायकोकडे बराच वेळ पाहिलं. तापानं ओठ फुटले होते. "शिंप्याच्या बायकोचाच कपडा नेहमी उसवलेला," ते पुटपुटले.

"उसवलेला नाही, तोकडा," ती म्हणाली. "उभ्या जन्मात माझं माप कधी घेतलंत?"

ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं डोळे भरले. त्यांनी तिचा हात धरला. पट्टी निघेपर्यंत काही तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते गेले. दोघींनी मिळून त्यांचं अंग पुसलं. सिस्टरनं हनुवटीखालून पट्टी बांधली. काकू पायथ्याशी बसल्या, चादर सपाट पडली होती त्या बाजूला.

"आणखी काय काय बोलायचे हो?"

सिस्टर आठवेल तसं सांगत गेली. काकू एकदाही हसल्या नाहीत. सगळं उसवून परत शिवायचं, ते मात्र त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.