ओबिस्पोचे सहा बुधवार

फरशीवर पडलेला लाल थेंब फेर्मीनने चपलेने पुसला. मग दाराच्या चौकटीला धरून चपलेचा तळ पायपुसण्यावर घासला. हा चौथा दिवस. थेंब असेल मसुराच्या दाण्याएवढा. पण ज्याने चाळीस वर्षं चांदीच्या, केसासारख्या बारीक तारा वळून दागिने केले, त्याच्या नजरेतून मसुराएवढी वस्तू सुटत नाही. सुटली असती तर बरं, असं त्याला या चार दिवसांत बरेचदा वाटलं होतं.

ओबिस्पो उंबऱ्यापाशी बसून मागच्या दोन पायांमध्ये तोंड घालून चाटत होता. काळाभोर कुत्रा, गळ्याभोवती तेवढा पाद्र्यासारखा पांढराशुभ्र पट्टा. फेर्मीनच्या बायकोने, एल्विराने, त्याला पिल्लू असताना पाहिलं आणि म्हणाली, हा तर आपला बिशप. तेव्हापासून तो ओबिस्पो, म्हणजे बिशपच. एल्विरा गेली त्याला चार वर्षं झाली होती. तिच्या पोटात गाठ निघाली होती. हा शब्द त्या घरात तेव्हापासून कुणी उच्चारत नसे. दोरीची गाठ सोडायची असली तरी मुलगी देल्सी म्हणे, "बाबा, एवढं मोकळं करून द्या."

"बाबा!" आतून देल्सीचाच आवाज आला. "आईच्या खुर्चीवर हे कसले डाग?"

फेर्मीनने पाय पायपुसण्यावरून उचलला. आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नदीकाठच्या मोम्पोस गावात ऊन उतरलं की घरोघरच्या झुलत्या खुर्च्या दाराबाहेर येतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत गल्ली झुलत बसते. फेर्मीनच्या दारात तीन खुर्च्या निघत. एक त्याची, एक देल्सीची, तिसरी एल्विराची. तिसरीवर कुणी बसायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारपाजारचे आले तर कट्ट्यावर टेकत. ओबिस्पो तेवढा त्या खुर्चीत वेटोळं करून झोपे. देल्सी त्याला उठवत नसे. आईसाठी बारांकिया शहरातली नोकरी सोडून आलेली ही मुलगी नंतर परत गेलीच नाही. घरात तिचं राज्य होतं, आणि फेर्मीन त्या राज्यातला शहाणा प्रजाजन होता.

जनावरांच्या डॉक्टर यादिराबाईंचा दवाखाना बाजाराच्या मागे होता. तीनचाकीतून तिथवर जाताना दोघंही रस्त्याकडे बघत होते. ओबिस्पो मात्र मजेत कान उडवत वारा खात होता.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, कुत्र्याला टेबलावर आडवं केलं, देल्सीला डोकं धरायला सांगितलं आणि जिथून थेंब येत होता तिथली कातडी हलकेच मागे सारली. आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी लालसर फुललेलं होतं.

"गाठ आहे," त्या म्हणाल्या.

फेर्मीन मागे स्टूल आहे की नाही ते न बघताच बसला. नशिबाने होतं.

"थांबा, थांबा, चेहरे असे करू नका. मी आजवर बघितलेल्या गाठींत ही सगळ्यात गरीब स्वभावाची. कापायलासुद्धा लागत नाही, इंजेक्शनांनी विरघळते. पण आधी खात्री करू."

त्यांनी काचेची पट्टी त्या तुऱ्यावर अलगद टेकवली, वाळवली, तिच्यावर निळं औषध ओतलं आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं. मग बाजूला झाल्या.

"काका, तुम्ही चांदीकाम करायचात ना? या, बघा."

फेर्मीनने डोळा लावला. गोल गोल दाणे, एकाला एक खेटून, आणि प्रत्येक दाण्याच्या आत कडेकडेने बारीक पारदर्शक बुडबुडे. कर्णफुलाच्या कडेला चांदीचे रवे बसवावेत तसे.

"काम सुबक आहे," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "सुबक आहेच. हे बुडबुडे दिसले की ओळख पटते. आता ऐका. ही गाठ कुत्र्याच्या अंगात आपोआप उगवत नाही. एकाची दुसरीला लागते, दुसरीची तिसऱ्याला. कशी ते सांगायला नको."

"अशक्य!" देल्सी ताठ झाली. "आमचा ओबिस्पो घराबाहेर पडत नाही. दाराला दोन कड्या आहेत. दुपारी चार ते सहा बाबा त्याला दोरीने घेऊन नदीच्या धक्क्यावर जातात तेवढंच. बाबा डोमिनो खेळतात आणि हा टेबलाखाली झोपतो. नावाप्रमाणे ब्रह्मचारी आहे तो."

"ताई, बिशपलाही पाय असतात." डॉक्टरीणबाई फेर्मीनकडे वळल्या. "काका, टेबलाखाली आणखी कोण असतं?"

"चपला," फेर्मीन म्हणाला.

देल्सीने मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी डोलावली नाही. त्या हातमोजे काढत सावकाश बोलल्या, जणू भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होत्या, "कुठेतरी एक कुत्री असणार. तिची गाठ आत असते, दिसत नाही. घरच्यांना वाटतं, पाळी आलीय. उपचार झाला नाही तर तिचे हाल होतील. आणि याला बरा केला तरी तिच्याकडून पुन्हा लागेल. जिची असेल तिने आणावी. नावगाव मी विचारणार नाही."

ओबिस्पोचं रक्त तपासून झालं, पहिलं इंजेक्शन पायाच्या शिरेत गेलं. दर बुधवारी एक, सहा बुधवार लागतील. दोन दिवस उलट्या होतील, त्याची घाण हातमोज्यांशिवाय उचलायची नाही. देल्सी सगळं कागदावर उतरवून घेत होती. फेर्मीन सूक्ष्मदर्शकाकडे बघत बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो एकटाच निघाला. धक्क्याकडे वळायच्या कोपऱ्यावर तो वळला नाही; रोज वळतच नसे. सरळ गेला.

इस्मेनिया अंगणात पेरूच्या झाडाखाली लिंबाच्या साली पाण्यातून काढत होती. नऊ वेळा पाणी बदलल्याशिवाय सालींचा कडूपणा जात नाही आणि कडूपणा गेल्याशिवाय तिचा लिंबाचा मुरंबा बाजारात जात नाही. नवरा जाऊन तिला अकरा वर्षं झाली होती. फेर्मीन गेलं दीड वर्ष रोज तिच्याकडे येत होता. ते दोघं कॉफी पीत. कुत्री अंगणात असत, आणि कुत्री कॉफी पीत नसत.

"बिशप कुठाय?" तिने विचारलं.

फेर्मीनने सांगितलं. सगळं, बुडबुड्यांसकट. ऐकता ऐकता इस्मेनियाच्या हातातली साल पातेल्यात पडली.

"माझी पानेला? अरे, ती या अंगणाबाहेर गेलेली नाही! कुणालाही विचार!"

गुळाच्या ढेपेच्या रंगाची पानेला आपलं नाव ऐकून शेपटी हलवत आली आणि सवयीने फेर्मीनच्या उजव्या खिशात नाक खुपसून चीजची कड शोधू लागली.

"ओबिस्पोही जात नाही कुठे," फेर्मीन म्हणाला.

"म्हणजे? इथे येतो तेवढं सोडून?"

"तेवढं सोडून."

"मग दोघांतला एकजण खोटं बोलतोय." तिने कुत्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पूर आला होता तेव्हा चार दिवस बेपत्ता होती ही. परत आली ती चिखलाने माखून, आणि काय खूश होती म्हणतोस!" तिचा आवाज उतरला. "अधूनमधून डाग असतात, फेर्मीन. मला वाटलं, वेळेचं आहे."

"डॉक्टर बरी करते. नावगाव विचारत नाही."

इस्मेनिया तिसऱ्या दिवशी दाखवून आली. डॉक्टरीणबाईंनी पानेलालाही बुधवारीच नऊला बोलावलं होतं. औषधाची बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून ते इंजेक्शन घेणारे सगळे एकाच दिवशी.

"नऊला देल्सी असते," फेर्मीन म्हणाला.

"मग मी काय करू? भिंतीकडे तोंड करून बसू?"

"जरा अनोळखी असल्यासारखी बस. तेवढं ओबिस्पोचं होऊ दे. मग मी सांगतो तिला."

"दीड वर्ष माझ्या हातचं गोड खातोस, आणि मी अनोळखी." ती हसली, पण पातेल्यातलं पाणी तिने जरा जोरात ओतलं. "बसेन. मी बसेन हो अनोळखी. पण तू सांगायचं म्हणतोस ते कधीचं म्हणतोयस, फेर्मीन? गेल्या नाताळापासून."

घरी दारात तीन खुर्च्या असताना चौथ्या माणसाचं नाव कसं काढायचं, हे त्याला कुठल्याच तारेतून वळवता आलं नव्हतं.

*

बुधवारी इस्मेनिया आधीच बाकाच्या टोकाला बसली होती. निळा झगा, मांडीवर पर्स, नजर समोरच्या पोपटाच्या चित्रावर. इतकी अनोळखी की कुणालाही संशय यावा. पानेला तिच्या पायाशी होती.

फेर्मीन दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये देल्सी.

"नमस्कार," देल्सी म्हणाली.

"नमस्कार," इस्मेनिया पोपटाला म्हणाली.

सगळं ठीक चाललं होतं. पण कुत्र्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ओबिस्पोने आठ दिवसांनी पानेलाला पाहिलं आणि दोन दिवस ओकून अर्धा झालेला तो कुत्रा दोरीला असा हिसका देऊन उठला की बाक हललं. पानेलाने त्याचं तोंड चाटलं, कान चाटले, दोघांच्या दोऱ्यांचा देल्सीच्या पायांभोवती गुंता झाला. "अगंबाई, काय हे!" म्हणत ती हसायला लागली. मग पानेला तिला ओलांडून सरळ फेर्मीनकडे गेली, पुढचे पाय त्याच्या गुडघ्यावर ठेवले आणि उजव्या खिशात नाक घातलं. चीजची कड घेतली. खाल्ली. हनुवटी त्याच्या मांडीवर टाकून डोळे मिटले.

देल्सीचं हसू थांबलं.

"बाबा," ती म्हणाली. "या कुत्रीला तुमचा खिसा पाठ आहे."

आतून कात्रीचा आवाज येत होता. इस्मेनिया पोपटाकडेच बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. नाही म्हणायला फेर्मीनला एक क्षण मिळाला होता. वास आला असेल, असं म्हणता आलं असतं. त्याने पानेलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"देल्सी, या इस्मेनियाबाई," तो म्हणाला. "माझा डोमिनो."

देल्सीने वाकून पायांभोवतीच्या दोऱ्या सोडवायला घेतल्या. बराच वेळ घेतला.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"आणि मी रोज विचारत होते, जिंकलात की हरलात."

"मी खरं तेच सांगत होतो," फेर्मीन म्हणाला. "रोज जिंकलो म्हणून."

इस्मेनियाच्या तोंडून खुदकन हसू निसटलं आणि तिने पर्स तोंडावर धरली. देल्सी हसली नाही. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून आधी कोण म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी ही. पाहुणी आहे."

त्यानंतर दोन दिवस देल्सी घरात मिठाशिवाय बोलली नाही. मीठ द्या, मीठ घ्या, एवढंच. संध्याकाळी तीन खुर्च्या मात्र काढत होती. फेर्मीन चारला निघाला की ती दाराच्या दोन्ही कड्या स्वतः काढून देई. ते त्याला जास्त जड जाई.

तिसऱ्या बुधवारी तीनचाकी बाजाराकडे वळणार, तोच देल्सी चालकाला म्हणाली, "आधी वरच्या गल्लीतून घे रे. एवढ्या उन्हात ती कुत्री पायी कशाला येईल?"

फेर्मीनने ओबिस्पोच्या पट्ट्याकडे बघत मान हलवली.

पाचव्या बुधवारी तुरा मिरीच्या दाण्याएवढा उरला होता. सहाव्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि फेर्मीनला पुढे बोलावलं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बुडबुडेवाला दाणा एकही नव्हता.

"रिकामं आहे," तो म्हणाला.

"रिकामंच हवं. पानेलाचंही तसंच. आता महिन्याभराने दोघांचं छोटं ऑपरेशन करून टाकू, म्हणजे बिशप खरोखर बिशप होईल."

त्या संध्याकाळी खुर्च्या निघाल्या. ऊन नदीपलीकडे गेलं होतं. वरच्या बाजूने इस्मेनिया आली. एका हातात पानेलाची दोरी, दुसऱ्यात मुरंब्याची बरणी, आणि काखेत घडीचं लाकडी स्टूल.

"बसायला माझं मी आणलंय," तिने लांबूनच सांगितलं.

फेर्मीन उठायला लागला.

"बसा तुम्ही, बाबा."

देल्सी आपल्या खुर्चीतून उठली. एल्विराच्या खुर्चीत ओबिस्पो वेटोळं करून पडला होता. तिने त्याच्या पाठीवर थोपटलं.

"ऊठ रे बिशप. खूप झालं."

तो नाखुशीने उतरला. तिने वेतावरचे काळे केस हाताने झटकले, झग्याचा घोळ सावरला आणि बसली. चार वर्षं नुसत्या कुत्र्याच्या वजनाला सरावलेली खुर्ची आधी करकरली, मग झुलू लागली. समोरच्या दारातल्या बाईचा पंखा हलायचा थांबला.

इस्मेनिया स्टूल काखेत घेऊन उभीच होती.

"ती माझी खुर्ची," देल्सी तिला म्हणाली. "डावीकडे जरा कलते. सांभाळून बसा."