सात खिडक्यांच्या विटा

शाळा बंद होऊन चार वर्षं झाली होती. मुलंच उरली नव्हती, शिकवणार कुणाला? बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या शेठनी ती लाल विटांची इमारत घेतली आणि तिचं गोदाम करायचं काम माझ्याकडे आलं. खिडक्या बुजवायच्या, गुरुजींचा ओटा काढायचा, दाराला लोखंडी शटर लावायचं. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. माझी थोरली बहीण, ताई, जाऊन वीस दिवस झाले होते.

डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक भेटायला येत, मी त्यांना खुर्ची देई, ते रडत, मी घड्याळाकडे बघे. बायको रोज डबा भरून देई. मी तो तसाच परत नेई.

"आजही डब्याला नुसतं फिरायला आणलंस वाटतं?" घमेलं उचलता उचलता मावशी म्हणायच्या. या मावशी नात्याच्या नव्हेत, कामावरच्या. पस्तीस वर्षं वाळू-सिमेंटचा माल कालवतायत. "पाय फुटतील रे एक दिवस त्याला. आपणच जाईल घरी."

मी हसायचो. निदान तोंड तरी तसं करायचो.

तर कामाच्या चौथ्या दिवशी दुपारी सातवी खिडकी बुजली. विटा भिजवायच्या, दोरी ताणायची, थर लावायचा, ओळंबा सोडायचा. हातांना ठाऊक होतं, मला विचारावं लागत नव्हतं. इतक्यात शेठ आले. त्यांनी आत नजर फिरवली आणि उजव्या भिंतीकडे बोट केलं.

"मिस्त्री, ही राहिली की! आणि विटा एवढ्याच?"

मी पाहिलं. चाळीसेक विटा उरल्या होत्या. लागणार होत्या शंभर.

"अहो, मापं तुम्हीच घेतलीत ना? आठ खिडक्यांच्या जागी सातच मोजल्यात? विटा मोजता येतात, खिडक्या येत नाहीत?"

खरंच होतं. चार बाजूंनी टेप लावून मी मापं घेतली होती, सगळी लिहिली होती, आणि हिच्यासमोर उभं राहूनही ही धरली नव्हती. आमच्या घरच्या बोलण्यात या शाळेला सातच खिडक्या होत्या. आठवी ताईची होती.

जुन्या शाळांतून खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला ठेवत. उजेड डावीकडून आला की लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. पण ताई डावखुरी. ती आपल्याच हाताच्या अंधारात लिहायची आणि अक्षर वाकडं आलं म्हणून बोलणी खायची. गुरुजी म्हणाले, हात बदला. आमचे बाबाही गवंडीच. ते म्हणाले, "हात देवानं दिलाय गुरुजी, तो कसा बदलू? भिंत माणसानं बांधलीय, ती बदलतो." गुरुजी हसले आणि हो म्हणाले. एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी एकट्यानं उजवी भिंत फोडून ती खिडकी काढली. दोन फूट बाय तीन फूट, वर सागाची फळी.

हे मी शेठना सांगितलं नाही. मावशींना ठाऊक होतं. त्या घमेलं पालथं घालून त्यावर बसल्या.

"ओट्याच्या विटा घ्या," शेठ म्हणाले.

"त्या शटरच्या उंबऱ्याखाली गेल्या."

"मग? उद्या सकाळी माल येतोय माझा!"

माझ्या तोंडून निघालं, "शेठ, सगळीकडून बंद केलंत तर बियाणं घामेजेल. इथं वारा ठेवू. विटा तिरप्या लावून जाळी करतो. हवा येईल, ऊन यायचं नाही. चाळीस विटांत बसेल."

"आणि उंदीर?"

"आतून बारीक तार ठोकतो."

"आता सुचतंय होय हे?" मावशी मध्येच बोलल्या. "पण बरोबर बोलतोय हो तो. बियाणं कुजलं की मग कुणाला धराल?"

शेठनी डोकं खाजवलं. "घाला जाळी. पण आजच."

मी विटा लावत गेलो. एक तिरपी, एक मोकळी जागा, एक तिरपी. बाबांची फळी अजून ताठ होती. तिच्याखाली शेवटची वीट सरकवली, तार ठोकली आणि मागे वळलो. खोली काळोखी झाली होती. फक्त उजव्या भिंतीपाशी, ताईचं बाक असायचं त्या जागी, फरशीवर फिकट उजेड होता. मी उकिडवा बसलो आणि डावा हात लिहिल्यासारखा जमिनीवर टेकला. बोटांपुढे सावली नव्हती.

रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

दारातून शेठ ओरडले, "झाल्या का आठही?"

"सात झाल्या," मी म्हटलं. "ही हवेची."

मावशी थापी धूत होत्या. मी तिथंच, त्या उजेडात, डबा उघडला. पोळ्या गार झाल्या होत्या. पहिल्या घासाला चवच कळली नाही. दुसऱ्याला मीठ लागलं.

"मावशी," मी म्हटलं, "पाणी द्या जरा. भूक लागलीय."