दुकानातल्या वहिनी

जुना बाजार पुन्हा जिवंत करायचा असं शहरानं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काचेची भव्य दुकानं उभी राहिली आणि या बाजाराची रया गेली. एकेक शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. शेवटी उरले होते एक चष्मेवाले, एक बेकरी आणि तिच्या नवऱ्याचं वाद्यांचं दुकान, तेही तो होता तोवर. मग कुणाच्या तरी डोक्यातून ही योजना निघाली: बंद दुकानं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आणि चित्रकारांना वापरायला द्यायची, भिंती रंगवायच्या, शनिवारी दुपारी चौकात वाद्यवृंद बसवायचा. पहिले दोन महिने लोक हसले, तिसऱ्या महिन्यात यायला लागले. कापडाच्या गोदामात नाचाचे वर्ग भरू लागले, शिंप्याच्या रिकाम्या गाळ्यात एक टकला माणूस दिवसभर चेलो घासत बसू लागला, आणि दुपारी चारलाच पाव संपला असं सांगायची वेळ कित्येक वर्षांनी बेकरीवाल्यावर आली.

दुकानाची किल्ली मागायला समितीची माणसं घरी आली, तेव्हा तिनं ती खणातून काढून दिली. वाईट वाटलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही. "रडून घ्या, मोकळं वाटेल," असं तो गेला तेव्हा सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, पण रडू म्हणून आलं नव्हतं. बसून बसून पाय बधिर झाला की तो आपलाच आहे ना, हे हात लावून बघावं लागतं. तशी ती अधूनमधून नवऱ्याची एखादी आठवण चाचपून बघायची. आठवण जागेवर असायची. दुखायची मात्र नाही.

तिची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झाली. दुकानात ती फारशी कधी गेली नाही. पॉलिशच्या वासानं तिचं डोकं चढायचं. सकाळी चहाला आणि रात्री जेवायला नवरा समोर असायचा, आणि त्या दोन वेळांच्या आधारावर एकतीस वर्षांचा संसार झाला. वाईट नव्हता. भांड्याला भांडंसुद्धा कधी लागलं नाही.

बाजाराच्या टोकाला बंद पडलेल्या सिनेमागृहाची लांबलचक भिंत होती. तिच्यावर जुन्या बाजाराचं चित्र काढायचं काम एका चित्रकार मुलीकडे आलं. ती दिवसभर परांचीवर उभी राहायची, कोपरापर्यंत रंगानं माखलेली. जुन्या लोकांना गाठून ती आठवणी विचारायची, वहीत उतरवायची आणि त्यांवरून माणसं रंगवायची. वाद्यांच्या दुकानाचा भाग पुरा झाला, तेव्हा तिनं आपण होऊन निरोप पाठवला, "काकू, बघून जा."

ती गेली. नवरा हुबेहूब उतरला होता. बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर, हातात तारा सुटलेलं व्हायोलिन. पण तो व्हायोलिनकडे बघत नव्हता. त्याच्या शेजारी स्टुलावर एक बाई बसली होती. उंच, सावळी, कानामागे पेन्सिल, एका गिटारीच्या लाकडाला कान लावून काहीतरी ऐकत असलेली. आणि तो तिच्याकडे बघत होता.

"या कोण?" तिनं विचारलं.

चित्रकार मुलगी परांचीवरून खाली वाकली. "तुम्हीच ना, काकू? म्हणजे... फोटो नव्हता माझ्याकडे. सगळ्यांनी सांगितलं त्यावरून काढलं."

"मी अशी आहे का?"

मुलीनं तिच्याकडे नीट बघितलं आणि ती गोरीमोरी झाली. खाली येऊन तिनं वही उघडली. अठरा जणांच्या आठवणी होत्या, वेगवेगळ्या दिवशी लिहून घेतलेल्या. अठराही जणांनी दुकानात बसणारी उंच बाई सांगितली होती. ती गुणगुणायची. लाकडाला कान लावून वाद्याचं दुखणं ओळखायची. डावखुरी होती.

ती तिथून तडक चष्मेवाल्यांकडे गेली. त्यांचं दुकान नवऱ्याच्या दुकानाला लागूनच. मध्ये फक्त एक भिंत. "या, बसा," त्यांनी नेहमीसारखं म्हटलं.

"आमच्या दुकानात कुणी बाई बसायची का हो?"

"वहिनी?" त्यांचा चेहरा उजळला. "अहो, बसायची म्हणजे काय! त्यांचा आवाज भिंतीतून इकडे यायचा. मी रेडिओ बंद करून ऐकायचो."

"वहिनी म्हणजे कोण?"

"वहिनी म्हणजे वहिनी. सगळा बाजारच त्यांना वहिनी म्हणायचा."

"आणि मला?"

चष्मेवाले काच पुसत होते, ते थांबले. ते तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागले. विसरलेलं काहीतरी आठवायचं असावं तसे. "तुमचं फारसं येणं नसायचं ना," ते म्हणाले, आणि पुन्हा काच पुसू लागले.

संध्याकाळी तिनं परगावी असलेल्या आपल्या लेकीला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं. मुलगी हसली. "असं काय करतेस आई? तूच असायचीस की. शाळा सुटली की मी दुकानातच यायचे. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की मला लगेच झोप लागायची. ती गुणगुणायची ना, ते पोटातून ऐकू यायचं." मग तिचं तिलाच खटकलं. "म्हणजे तुझ्या मांडीवर," मुलगी म्हणाली.

फोन ठेवून ती लग्नाच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. फोटोत तीच होती, त्यात शंका नव्हती. फक्त हात कुठे ठेवावेत हे त्या नवरीला कळत नव्हतं. फोटो काढताना कुणीतरी "तुम्हीही या हो" म्हणून ओढून आणलेल्या पाहुणीसारखी ती दिसत होती.

नवऱ्याचं बाहेर काही होतं, असं समजून तिला रागवता आलं असतं. तिनं प्रयत्नही केला. पण लपवाछपवीला लपवायला जागा लागते, आणि ही बाई तर अख्ख्या बाजारादेखत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती भिंतीशी गेली आणि चित्रकार मुलीला म्हणाली, "तिला काढून टाक."

मुलीनं एका शब्दानंही वाद घातला नाही. स्टूल, गिटार आणि बाई, सगळ्यावर तिनं दुकानाच्या आतला तपकिरी अंधार रंगवला.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. शनिवारी वाद्यवृंद वाजला, पण लोक चौकात बसण्याऐवजी भिंतीसमोर जाऊन उभे राहत होते. बेकरीवाल्याची बायको डोळे पुसत होती. कुणीतरी खडूनं लिहिलं, "वहिनी कुठे आहेत?" मुलीनं ते पुसलं, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच अक्षरात पुन्हा लिहिलेलं. आणि भिंतीवरचा नवरा त्या तपकिरी अंधाराकडे बघत होता. रंगवणारीनं त्याच्या चेहऱ्याला हातही लावला नव्हता, तरी तो आता वेगळा दिसत होता. आपलं माणूस गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते ती दीड वर्ष आरशात शोधत होती. तो चेहरा तिथे होता.

नवव्या दिवशी सकाळीच ती चित्रकार मुलीपाशी गेली.

"तिला परत आण."

"नक्की, काकू?"

"त्याच्याकडे बघवत नाही माझ्याच्यानं."

मुलीनं ब्रश उचलला. ती खाली उभी राहून बघत राहिली. आधी स्टूल आलं, मग खांदे, मग मान. मुलगी कानामागे पेन्सिल रंगवू लागली तशी ती म्हणाली, "कानामागे नाही. अंबाड्यात खोचायची. आणि पेन्सिलीचं टोक नेहमी मोडलेलं."

मुलीचा हात थांबला. "हे कुणीच सांगितलं नव्हतं."

"आणि डाव्या गालाला पॉलिश लागलेलं असायचं. सारखा कान टेकवायची ना लाकडाला."

"काकू, तुम्ही त्यांना बघितलंय?"

तिनं आठवून पाहिलं. कधी, कुठे, काही सांगता येईना. मोडक्या टोकाची ती पेन्सिल मात्र, हात पुढे केला तर सापडावी इतकी जवळ होती. त्या दुपारी घरी जाऊन ती आडवी झाली आणि दीड वर्षात पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली.

महिन्याभरानं चित्राचा समारंभ झाला. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. वाद्यांच्या दुकानाचं शटर वर होतं, आत लहान मुलं व्हायोलिनवर सूर धरत होती, चष्मेवाल्यांनी दारात खुर्च्या मांडल्या होत्या. लोक भिंतीतली आपापली माणसं बोटानं दाखवत होते, हसत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. तीही गर्दीबरोबर सरकत त्या जागी आली. पॉलिशचा वास येत होता, पण तिचं डोकं दुखलं नाही. नवरा पूर्वीसारखाच त्या बाईकडे बघत होता. दोघं किती शोभतात, असं तिच्या मनात आलं. आणि ते अगदी सहज आलं.

गळ्यात समितीचं ओळखपत्र घातलेली एक कॉलेजातली मुलगी लोकांच्या प्रतिक्रिया टिपून घेत फिरत होती. ती तिच्यापाशी थांबली.

"आजी, तुम्ही बराच वेळ इथेच उभ्या आहात, म्हणून विचारते. यांना ओळखायचात तुम्ही?"

तिनं त्या दोघांकडे आणखी एकदा नीट बघून घेतलं.

"तोंडओळख होती," ती म्हणाली.