लिहून देणार, लिहून घेणार

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझे उरलेले साडेतीन दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत आणि वर कवळीही न बसो! आणि घाबरू नका, शेवट गोड आहे. रडक्या गोष्टी मला सांगताच येत नाहीत, मध्येच हसू फुटतं.

तर एक बाई होती. एका दस्त लिहिणाऱ्याच्या कचेरीत तिनं बावीस वर्षं टायपिंग केलं. घरांचे करार, दुकानांचे करार, भावाभावांची वाटणीपत्रं. तिच्या मशीनची टकटक तीन गल्ल्या ऐकू जायची. पलीकडचा न्हावी त्याच तालावर कात्री चालवायचा. एकदा बाई तापानं पडली, तर त्या दिवशी केस कापायला गेलेले सगळे एका बाजूनं लांब केस घेऊन घरी आले. पुढे दस्तवाले थकले, कचेरीला कुलूप लागलं. बाई घरी बसली, पण बोटं काही बसेनात. ताटाच्या कडेवर, खिडकीच्या चौकटीवर, चर्चमध्ये बाकाच्या पाठीवर, सारखी टकटक. म्हणून पोरांनी तिचं नावच टकटकबाई ठेवलं.

ती राहायची भावाकडे. भाऊ गरीब गाय. वहिनी मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. आणि एक भाची, नववीतली. ती प्रत्येक गोष्टीवर ‘पण का?’ म्हणायची, म्हणून सगळे तिला वकील म्हणत.

एक दिवस सिस्टरांच्या शाळेतून निरोप आला. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. त्यांनी बाईला समोर बसवलं.

“नववीला धर्मशिक्षण देणारे फादर बदलून गेले. तुम्ही याल?”

“मी? सिस्टर, मला फक्त टायपिंग येतं.”

“गोष्ट सांगता येते ना? बायबलची गोष्ट सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोरांना बायबलमधल्या पुस्तकांची नावं धडाधड पाठ आहेत. पण आधी नोहा की आधी मोशे विचारलं, की नाणं उडवतात. सहा आठवड्यांनी बिशप हाउसमधून तपासनीस फादर येतील. पोरांना गोष्ट सांगता आली तर तुम्ही कायम. नाही आली तर नववी आठवीच्या वर्गात नेऊन बसवू, आणि तुम्ही...”

“मी परत खिडकीच्या चौकटीवर,” बाई म्हणाली.

हो म्हणाली खरी. बावीस वर्षं तिला सगळे ‘अहो, तो कागद झाला का?’ एवढंच म्हणत आले होते. पहिल्या दिवशी वर्गात शिरली आणि एकतीस पोरं उभी राहून म्हणाली, “गुड मॉर्निंग टीचर!” बाईला रडूच फुटणार होतं, पण तेवढ्यात भाची म्हणाली, “गुड मॉर्निंग आत्या टीचर!” आणि वर्ग हसला. त्या क्षणी बाईनं ठरवलं, ही खुर्ची आता सोडायची नाही.

पण ठरवून काय होतं? तिनं जाडजूड बायबल उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, इथवर पोचेपर्यंत शेवटच्या बाकावर घोरणं सुरू. दोन आठवडे गेले. घरी वहिनी म्हणाली, “वन्सं, तुमचा वर्ग लई शांत असतो म्हणे. आमच्या बाळंतिणीच्या खोलीत पण एवढी झोप नव्हती.”

तिसऱ्या सोमवारी वकील उभी राहिली.

“आत्या, म्हणजे टीचर, एक विचारू? याला जुना करार का म्हणतात? कसला करार? कोणी कोणाशी केला?”

पोरं खिदळली. कोणीतरी मागून म्हणालं, “झालं, कोर्ट भरलं!”

पण बाईची बोटं टेबलावर थांबली. करार! वाचताना ती रोज तो शब्द म्हणत होती, आणि तिचा तिलाच ऐकू आला नव्हता. साखर विकणाऱ्यानं चहा बिनसाखरेचा प्यावा, तसं झालं. ती उठली, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

*लिहून देणार: देव. लिहून घेणार: माणूस.*

“प्रत्येक करारात दोन बाजू असतात,” ती म्हणाली. “एक लिहून देणार, एक लिहून घेणार. मग येतं मिळकतीचं वर्णन. मिळकत कोणती?”

“बाग! पहिल्या जोडप्याला दिलेली!” भाची ओरडली.

“चतुःसीमा? म्हणजे चारी बाजूंना काय काय?”

पोरांनी पहिल्यांदाच आपणहून पान उलटलं. “टीचर, नदी आहे. तिचे चार फाटे आहेत!”

“लिहा. अटी किती?”

“एकच. त्या एका झाडाला हात लावायचा नाही.”

“पाळली?”

“कुठली! लगेचच मोडली.”

“मग ताबा गेला. पण जाताना मालकानं काय केलं, वाचा.”

शेवटच्या बाकावरचा, तोच घोरणारा, बोट ठेवून वाचू लागला आणि थबकला. “टीचर, त्यानं त्यांना कपडे करून दिले. अंगात घालायला.”

“बावीस वर्षांत घर खाली करून घेणारे लई पाहिले मी,” बाई म्हणाली. “जाणाऱ्याला कपडे शिवून देणारा एक नाही पाहिला.”

त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. तुम्हाला पटणार नाही, पण शिपाई घंटा फुटली की काय म्हणून दोनदा बघून आला.

मग काय, गाडी सुटली. नोहाचा करार, त्याची सही आभाळात, सात रंगांत. अब्राहामचा करार, साक्षीदार म्हणून चांदण्या, मोजता येत असतील तर मोज. मोशेला तर दगडावर लिहून मिळाला. डोंगरावरून खाली येऊन बघतो तो लोक सोन्याच्या वासराभोवती नाचताहेत. रागानं पाट्या फोडल्या. “मूळ प्रतच गेली!” पोरं हळहळली. “मग दुसरी प्रत काढून मिळाली,” बाई म्हणाली. “कोणी दिली? ज्याचा करार मोडला होता त्यानंच.” संदेष्टे म्हणजे काय, ते तर सांगावंच लागलं नाही. “नोटिसा घेऊन येणारे!” पोरं एका सुरात म्हणाली. “आणि नोटीस आणणाऱ्यालाच मार पडतो,” भाची म्हणाली. मग शत्रूनं लोकांना धरून परमुलखात, बाबेलला नेलं, ताबा गेला, देवानं पुन्हा परत आणलं.

पाचव्या आठवड्यात नवा करार सुरू झाला. लिहून देणाऱ्यानं आपला मुलगाच पाठवला, माणसांच्या बाजूनं सही करायला. त्या मुलानं शिष्यांबरोबर केलेल्या शेवटच्या भोजनाच्या गोष्टीला भाची एकदम ताठ झाली. “आत्या! नवा आणि सार्वकालिक करार! हे तर फादर दर रविवारी चर्चमध्ये मिस्सात म्हणतात! मी जन्मल्यापासून ऐकतेय आणि मला वाटायचं ते नुसतं... म्हणायचं असतं.” बाईला तरी कुठे माहीत होतं!

तपासणीच्या आदल्या आठवड्यात बाईनं कपाटावरचं जुनं मशीन खाली काढलं. सगळी गोष्ट दोन पानांत करारनाम्यासारखी टाइप केली, एकतीस झेरॉक्स काढल्या आणि वाटल्या. पोरांनी पाठ करून टाकलं.

आणि तपासणीच्या दिवशी सकाळी वहिनीनं दुधाचं पातेलं उचललं, तर खाली तोच कागद. वकील गाण्याच्या सरावाला लवकर गेली होती, कागद मागे विसरली होती. वहिनीनं तो चष्मा न लावता लांब धरला आणि वाचू लागली. खालच्या ओळीपाशी थांबली.

“वन्सं, देवाचा करार एकाच वर्षाचा का हो? माझ्या मिक्सरची गॅरंटीसुद्धा दोन वर्षांची आहे.”

बाईनं कागद ओढून घेतला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: *सदर करार एक वर्ष मुदतीचा असून मुदत संपताच आपोआप रद्द समजावा.*

बोटांनी घात केला होता! बावीस वर्षं भाड्याच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी बोटं तेच वाक्य टाइप करत आली होती. डोकं देवाजवळ होतं आणि बोटं कचेरीत.

“एकतीस पोरांनी पाठ केलंय हे!” बाई मटकन खाली बसली.

“बसताय काय? पळा!” वहिनी म्हणाली. “चपला राहू द्या, माझ्या घाला!”

बाई एका पायात आपली आणि एका पायात वहिनीची चप्पल घालून धावली. पोचली तर तपासनीस फादर आधीच वर्गात! माणूस इतका उंच, की प्रत्येक दाराला वाकून नमस्कार केल्यासारखा आत यायचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. टेबलावर मोठ्या सिस्टरांनी फुलदाणी ठेवलेली, आणि सिस्टर शेजारी हात बांधून उभ्या.

“सांगा बघू,” फादर म्हणाले, “सुरुवातीला काय झालं?”

पोरांनी गोष्ट सुरू केली. एकानं सोडली की दुसऱ्यानं उचलली. बाग, कपडे, चांदण्या, पाट्या, नोटिसा. सिस्टरांचे हात हळूहळू सुटले. बाईचा श्वासही सुटायला लागला. एवढ्यात फादरांनी पहिल्या बाकावरचा कागद उचलला, वाचत वाचत खाली आले आणि थांबले.

“मुदत... एक वर्ष?”

बाईची टकटक थांबली, ती पुढे सरसावली.

“फादर, ती चूक माझी...”

“थांबा टीचर. पोरं सांगतील. हे बरोबर आहे का?”

एकतीस पोरांनी एकमेकांकडे बघितलं. पाठ तर तेच केलं होतं. मग वकील उठली.

“नाही, फादर. ते आत्याच्या बोटांचं आहे, गोष्टीतलं नाही.”

“कशावरून? कागदावर तर आहे.”

“कागदावर असेल. पण गोष्टीत बघा ना. बागेत करार मोडला, माणसांनी. वासरापाशी मोडला, माणसांनी. प्रत्येक वेळी मोडला कोणी? लिहून घेणाऱ्यांनी. आणि पुन्हा लिहून दिला कोणी? त्यानंच. जो इतक्यांदा पुन्हा लिहून देतो, तो वर्षभरात रद्द कसा करेल?”

“शिवाय मिस्सात सार्वकालिक म्हणतात,” दुसरी एक म्हणाली.

तो घोरणारा मागून म्हणाला, “आणि फादर, त्याला रद्दच करायचा असता तर मुलाला कशाला पाठवलं असतं? सरळ दुसरे भाडेकरू बघितले असते!”

फादर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग सगळा उंच माणूस गदागदा हलायला लागला, आणि चष्मा नाकावरून सुटून थेट फुलदाणीत, डुबुक! सिस्टरांनी फुलं उपसून चष्मा काढला, पदराला पुसला. पदर कसला, सिस्टरांना पदर कुठे असतो, त्या डोक्यावरच्या वस्त्राच्या टोकाला पुसला.

“हा कागद मला हवा,” फादर म्हणाले.

“दुरुस्त करून देते, फादर!”

“छे, असाच द्या. बाकीचं पाठ करून म्हणता येतं. ही ओळ चूक आहे हे सांगायला गोष्टच कळावी लागते.” ते सिस्टरांकडे वळले. “नववी आठवीत बसवणार होतात ना? त्यापेक्षा आठवीलाच इकडे आणून बसवा.”

बाई खुर्चीत बसली. तिच्या खुर्चीत. आणि बोटं आपोआप सुरू झाली, टकटक, टकटक, इतकी जोरात की पलीकडच्या वर्गातली मुलं दार वाजलं समजून “कम इन!” ओरडली.

घरी वहिनी दारातच उभी होती. “काय झालं? सांगा की लवकर! माझा जीव टांगणीला लागलाय, आणि माझी चप्पल पण परत हवीये.”

“कायम झाले,” बाई म्हणाली.

“वर्षभरासाठी?”

“नाही गं बाई, मुदत नाही!” आणि दोघी दाराच्या चौकटीला धरून हसत सुटल्या.

असं सगळं झालं. अगदी अस्संच. बरं, माझे दात मला मोलाचे आहेत, म्हणून एवढं कबूल करते: चष्मा फुलदाणीत पडला नव्हता. नुसता नाकावरून घसरला आणि त्यांनी तो हातातच झेलला. पण फुलदाणी एवढी जवळ होती, म्हटलं, पडू दे!