आंबलेला रस

आईला जाऊन महिना झाला होता. चर्चमधल्या तिच्या आठवणीच्या भक्तीत प्रभुभोजनाच्या विधीचा द्राक्षरस लेकीनेच करायचा, हे पाळकांनी परस्पर ठरवून टाकलं. तीस वर्षं तो आईच करत आली होती. बाई मेथडिस्ट पंथातली कडवी. प्रभूच्या मेजावरही तिला दारूचा थेंब चालायचा नाही. खोकल्याचं औषध आणलं तरी आधी लेबल वाचायची. एका लग्नात तर भर जेवणात उठून तिने पेले उचलायला लावले होते. तेव्हा लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आई उकळता रस कढत असतानाच बाटलीत भरून बूच ठोकायची. बाटली तडकेल या धास्तीने लेकीने तो निवू दिला, मग भरला. त्याला आता आठवडा झाला होता. इवले पेले भरले पाळकांनी, आणि त्यांचं नाक सर्दीने चोंदलेलं.

वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्या सगळ्यांना पेला मिळाला, की एकदम प्यायचा, अशी रीत. पहिला पेला लेकीच्या हातात आला आणि वास तिच्या नाकात गेला. रस आंबला होता. चांगलाच.

धाकटा भाऊ ओळीत शेवटी होता. पंधरा वर्षं पिऊन त्याने संसाराचं मातेरं केलं होतं. आई रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना करायची, देवाशी हुज्जत घालावी तशी. तिच्या अंथरुणाशी बसून त्याने दारू सोडली, त्याला आठ महिने झाले होते. पुन्हा सुरू व्हायला एक घोटही पुरे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तबक पुढे सरकत होतं. बोलावं, तर आईच्याच आठवणीच्या भक्तीत तिच्या लेकीने प्रभूच्या मेजावर दारू ठेवली, हे साऱ्या मंडळीला कळणार. लोक जन्मभर तेच चघळणार. तिला आईचाच राग आला. आईला असं सगळ्यांसमोर उठून बोलणं किती सोपं जायचं! भावाला पेला मिळाला. त्याने तो ओठांशी नेला.

"थांबा," ती उभी राहिली. "रस आंबलाय. चूक माझी आहे. कोणी पिऊ नका."

पाळक जागीच थिजले. मागे कुजबुज उठली. तिने कोणाकडे न बघता भावाच्या हातातला पेला काढून घेतला.

नंतर बाहेर पायरीवर बसून तिने त्याची माफी मागितली. वास आला नाही का, असंही विचारलं.

"आला ना. हातात घेतला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुझी मान खाली गेली असती, ताई."

"आणि पेला?"

"प्यायलो असतो."